परसबागेतून आलेली अमेरिकन द्राक्षे

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जंगलांत द्राक्षवेलींची कधीच वाण नव्हती. उंच झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढलेल्या या वेली युरोपातून आलेल्या वसाहतकारांच्या नजरेत पहिल्या दिवसापासून भरल्या. फळे मात्र त्यांच्या पसंतीस उतरली नाहीत. मणी लहान, साल जाड, चव आंबट आणि वास उग्र. जिथे वेली आपोआप एवढ्या माजतात तिथे युरोपातली चांगली द्राक्षे हमखास येतील, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. तो चुकला आणि पुढची दोनशे वर्षे चुकतच राहिला. अखेर अमेरिकेला तिची स्वतःची द्राक्षे मिळाली ती सरकारी मळ्यांतून किंवा धनिकांच्या बागांतून आली नाहीत. घरामागच्या परसात, कुंपणालगत, भिंतीच्या उबेला वाढलेल्या एकेकट्या वेलींनी ती दिली.

१६१९ साली व्हर्जिनिया वसाहतीच्या पहिल्याच विधिमंडळाने कायदा केला, की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने दरवर्षी दहा द्राक्षवेली लावून त्या जोपासाव्यात. वेलींची लागवड शिकवायला फ्रान्समधून जाणकार माळीही आणले गेले. वेली लावल्या गेल्या आणि दोन-चार वर्षांत वाळून गेल्या. पेनसिल्व्हेनियात विल्यम पेनने फ्रेंच आणि स्पॅनिश वेली आणून पाहिल्या, त्यांचीही तीच गत झाली. थॉमस जेफरसनने माँटिचेलोच्या टेकडीवर हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. १८०७ साली त्याने चोवीस युरोपीय वाणांच्या २८७ वेली आणि काड्या एका दमात लावल्या, पण त्या बागेतून वाइनची एक बाटलीही कधी निघाल्याची नोंद नाही.

या अपयशाची कारणे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हती. मातीत फायलोक्सेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी माव्यासारखी कीड होती. ती मुळांतला रस शोषून त्यांवर गाठी आणत असे. हवेत भुरी, केवडा आणि काळी कूज या बुरशी होत्या. उत्तरेकडे कडाक्याची थंडी होती, दक्षिणेकडे वेल आतून सुकवणारा जिवाणूजन्य रोग होता. जंगली अमेरिकन वेली याच शत्रूंबरोबर हजारो वर्षे राहिल्याने त्यांना तोंड देण्याची ताकद त्यांच्या अंगी मुरलेली होती. युरोपातल्या, म्हणजे व्हिटिस व्हिनिफेरा या जातीच्या वेलींना त्यांची ओळखच नव्हती. वेल मरते हे दिसे, ती कशाने मरते हे दिसत नसे. दोष कधी मातीला दिला जाई, कधी माळ्याच्या हलगर्जीपणाला.

मरता मरता या युरोपीय वेलींनी एक मोलाचे काम मात्र केले. लागवडीतल्या युरोपीय वेलीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. अमेरिकन जंगली वेलींमध्ये नरवेल वेगळी आणि मादीवेल वेगळी. बाहेरून आणलेली वेल दोन-तीन वर्षे जगली, एखाद-दुसऱ्या वसंतात फुलली, की तिचा परागकण जवळपासच्या जंगली मादीवेलीपर्यंत पोहोचण्याची संधी मिळे. त्यातून धरलेला मणी एखादा पक्षी खाई, बी कुठल्याशा झुडपात पडे आणि उगवून येणारी वेल दोन्ही घराण्यांची असे. फळाला युरोपीय गोडी, मुळांना अमेरिकन चिवटपणा. फिलाडेल्फियाजवळ १७४०च्या सुमारास पेन घराण्याचा माळी जेम्स अलेक्झांडर याला अशी एक वेल सापडली आणि तिला त्याचेच नाव पडले. अमेरिकेतली व्यापारी तत्त्वावरची पहिली यशस्वी वाइन पुढे याच अलेक्झांडर द्राक्षापासून इंडियानात निघाली.

त्यानंतरच्या वेली घरांच्या आवारात सापडू लागल्या. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनला कर्नल जॉर्ज गिब्ज यांच्या पत्नी इसाबेला यांच्या बागेत दक्षिणेतून आणलेली एक वेल होती. फ्लशिंगच्या प्रसिद्ध नर्सरीचे मालक विल्यम प्रिन्स यांनी १८१६च्या सुमारास तिच्या काड्या घेतल्या, रोपे केली आणि त्या बाईंचेच नाव वाणाला दिले. मेरिलँडमधल्या क्लार्क्सबर्ग गावी श्रीमती शॉल नावाच्या बाईंच्या परसात दुसरी वेल होती. जॉर्जटाउनचा मोजणीदार आणि बागाईतदार जॉन अ‍ॅडलम याने तिच्या काड्या नेल्या, तिचे नाव कटॉबा ठेवले आणि १८२३ साली अमेरिकेतल्या द्राक्षलागवडीवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. अ‍ॅडलमकडून ती सिनसिनाटीच्या निकोलस लाँगवर्थकडे गेली. ओहायो नदीकाठच्या उतारांवर त्याने मळे उभे केले आणि १८४०च्या दशकात फेसाळणारी कटॉबा वाइन काढून नाव कमावले. मॅसॅच्युसेट्समधल्या मिल्टन गावी डायना क्रेहोर या बाईंनी कटॉबाची बी पेरून नवे रोप वाढवले. त्या वाणाचे नाव डायना. न्यू जर्सीतल्या फ्रेंचटाउन इथे पॉल प्रोव्होस्ट याच्या बागेतून निघालेल्या छोट्या लालसर मण्यांच्या द्राक्षाची कीर्ती ओहायोतल्या डेलावेअर गावी गेल्यावर झाली, म्हणून ते डेलावेअर झाले.

या यादीत बायकांची नावे वारंवार येतात. घरालगतची बाग त्या काळी बाईच्या हाताखाली असे. कोणती वेल दुसरीपेक्षा आठवडाभर आधी पिकते, कोणत्या घडाला पावसात कूज लागत नाही, हे तिला रोजच्या वावरातून कळे. द्राक्षांचा इतिहास लिहिताना श्रेय मात्र काड्या विकणाऱ्यांच्या पदरी पडले. श्रीमती शॉल यांचे पहिले नाव काय होते याचीही दखल कुणी घेतली नाही, आणि कटॉबा मात्र अ‍ॅडलम आणि लाँगवर्थ यांच्या नावाने ओळखली जाते. ही उणीव राहिली आहे, हे नोंदवून ठेवलेच पाहिजे.

परसात नवे वाण निघण्यामागे आणखीही कारणे होती. द्राक्षाची बी पेरली तर आईसारखे रोप येत नाही, दरेक बीचा स्वभाव निराळा निघतो. म्हणून मळेवाला बी पेरत नाही, तो काडी लावतो. काडीतून आलेली वेल मूळ वेलीची हुबेहूब प्रत असते आणि मळ्याला तेच हवे असते. परसात मात्र खाऊन टाकलेल्या बिया आपसूक रुजतात आणि खुरपताना एखादे रोप कौतुकाने राखलेही जाते. शिवाय घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला दिवसभराचे ऊन रात्री पुरते, त्यामुळे उघड्या शेतात थंडीने गारठणारी वेल तिथे तग धरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे वेळ असतो. बीपासून वाढलेली वेल फळावर यायला चार ते सहा वर्षे लागतात. पोट मळ्यावर असलेल्या माणसाला तेवढी वाट पाहणे परवडत नाही.

अशी वाट पाहणारा माणूस म्हणजे एफ्रेम वेल्स बुल. त्याचा जन्म १८०६ साली बॉस्टनमध्ये झाला. वडील चांदीकाम करत, आणि हा सोन्याचा वर्ख कुटण्याचा धंदा शिकला. या कामात बंद, कोरड्या खोलीत हातोडीने सोन्याच्या पातळ पत्र्या तासन्‌तास ठोकाव्या लागतात. छातीच्या दुखण्यामुळे मोकळ्या हवेत राहण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा १८३६ साली तो कॉन्कॉर्ड या गावी लेक्सिंग्टन रस्त्यावरच्या घरात राहायला आला. एमर्सन आणि थोरो या लेखकांचे हेच गाव. शेजारच्या घरात आधी ब्रॉन्सन ऑल्कॉट आणि पुढे कादंबरीकार नथॅनिएल हॉथॉर्न राहिले. घरामागे टेकडी, समोर दक्षिणेकडे तोंड केलेली रेताड जमीन. बुलला लहानपणापासून द्राक्षांचे वेड होते.

कॉन्कॉर्डमध्ये अडचण थंडीची होती. सप्टेंबरातच दहिवर गोठू लागे, आणि इसाबेला व कटॉबा हे दोन्ही वाण उशिरा पिकणारे. घड रंगावर यायच्या आत पाने काळी पडत. बुलला हवे होते ते लवकर पिकणारे, थंडीला न डगमगणारे आणि तरी खाण्याजोगे द्राक्ष. त्याच्या जागेत एक जंगली वेल आपोआप उगवली होती. तिची फळे ऑगस्टअखेर पिकत आणि इतर जंगली द्राक्षांपेक्षा ती बरी लागत. जवळच त्याची कटॉबाही होती. १८४३च्या शरदात त्याने या जंगली वेलीचे पूर्ण पिकलेले मणी सालीसकट, अख्खेच्या अख्खे दोन इंच खोल मातीत पुरले आणि वर फळ्या झाकल्या. वसंतात रोपे उगवली. मग सहा वर्षे त्यांची निगराणी चालली. दरवर्षी दुबळी रोपे उपटली जात आणि तगडी ठेवली जात. १० सप्टेंबर १८४९ रोजी एका वेलीवरून त्याने पहिला पिकला घड खुडला. शेजाऱ्याला चाखायला दिला, तेव्हा इसाबेलापेक्षा हे सरस आहे असे तो लगेच बोलून गेला. त्या पेरणीतली हीच एक वेल बुलने राखली, बाकीची रोपे काढून टाकली.

या द्राक्षाचा मणी टपोरा, काळसर निळा आणि वर पांढुरक्या थराने झाकलेला असतो. दातांत धरला की साल सुटून हातात राहते आणि हिरवट, बुळबुळीत गर सटकन जिभेवर येतो. बिया गराला घट्ट चिकटलेल्या असतात, त्या सोडवायला जिभेला थोडे कष्ट पडतात. सालीजवळचा रस गोड, गराचा गाभा आंबट, आणि दोन्हींवर एक दाट सुवास. मिथाइल अँथ्रानिलेट नावाच्या संयुगापासून येणारा हा सुवास व्हिटिस लॅब्रुस्का या अमेरिकन जंगली जातीची खूण आहे. पुढे कृत्रिम ‘ग्रेप’ स्वादाच्या गोळ्यांत आणि सरबतांत हेच संयुग वापरले गेले. बुलचे द्राक्ष निव्वळ जंगली जातीचे असावे असे दीर्घकाळ मानले जाई. अलीकडच्या जनुकीय तपासणीत मात्र त्याच्या घडणीत साधारण एक तृतीयांश वाटा युरोपीय जातीचा निघाला. कटॉबा ही त्याच्या जन्मदात्यांपैकी एक ठरली, आणि खुद्द कटॉबाचा एक जन्मदाता फ्रान्सचा सेमियाँ हा वाण. शेजारी उभ्या असलेल्या त्या कटॉबाने आपले काम चोख बजावले होते.

बुलने आणखी चार वर्षे वेल पारखली आणि १८५३ साली मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात गावाच्या नावानेच तिचे घड मांडले. पुढच्या वर्षी केंब्रिजच्या हव्ही कंपनीने कॉन्कॉर्डची रोपे दर नगाला ५ डॉलर दराने विकायला काढली. पहिल्या हंगामात बुलला ३,२०० डॉलर मिळाले, ती त्या काळी मोठी रक्कम होती. पण द्राक्षाची प्रत काढणे फार सोपे आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, तीन डोळ्यांची काडी मातीत खोचली की वर्षात रोप तयार. रोपे विकत घेतलेल्या नर्सरीवाल्यांनी काड्या छाटून हजारो रोपे केली, भाव झपाट्याने उतरला आणि बुलकडे मागणी राहिली नाही. नव्या वाणावर शोधकाचा हक्क सांगणारा कायदाच तेव्हा नव्हता. अमेरिकेत वनस्पतींना पेटंट मिळू लागले ते १९३०च्या कायद्याने.

कॉन्कॉर्ड मात्र थांबले नाही. ते थंडीला टिकले, बुरशीला पुरून उरले, बरड जमिनीतही वाढले आणि दरवर्षी भरघोस लागले. न्यूयॉर्क ट्रिब्यूनचे संपादक होरेस ग्रीली यांनी सामान्य माणसाच्या अंगणात सहज येईल अशा उत्तम द्राक्षासाठी १०० डॉलरचे बक्षीस लावले होते, ते १८६६ साली कॉन्कॉर्डला मिळाले. ईरी सरोवराच्या दक्षिण काठावर तर त्याचा पट्टाच तयार झाला. बुल राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेला, कृषिमंडळावर राहिला, आणि परसातली पेरणी त्याने सोडली नाही. आयुष्यभरात त्याने २२,००० रोपे वाढवून पारखली असे सांगतात, त्यांतली ठेवण्याजोगी जेमतेम वीस-एकवीस निघाली. पुढच्या वाणांबाबत नर्सरीवाल्यांवर विश्वास ठेवायला तो तयार नव्हता, आणि यासाठी त्याला दोष देता येत नाही. म्हातारपणी वेलींचे काम करताना शिडीवरून पडल्यावर तो गावच्या वृद्धाश्रमात गेला आणि १८९५ साली वारला. पेरणी त्याने केली आणि सुगी दुसऱ्यांची झाली, अशा अर्थाचे शब्द स्लीपी हॉलो स्मशानभूमीतल्या त्याच्या थडग्यावर कोरलेले आहेत. त्याची मूळ वेल त्या घराच्या आवारात पुढेही जपली गेली.

बुलने वाऱ्यावर आणि मधमाश्यांवर सोडलेले काम सेलम गावच्या एडवर्ड स्टॅनिफर्ड रॉजर्सने हाताने केले. एसेक्स रस्त्यावरच्या घरामागची त्याची बाग जुनी, ओलसर आणि थंड होती. १८५१च्या उन्हाळ्यात त्याने एका मोठ्या मण्याच्या लॅब्रुस्का वेलीची फुले निवडली, उमलण्याआधीच त्यांतले परागकोश चिमट्याने काढून टाकले, आणि त्यांवर काचघरात वाढणाऱ्या ब्लॅक हॅम्बर्ग व व्हाइट शास्ला या युरोपीय वाणांचे परागकण झटकले. द्राक्षाचे फूल मोहरीच्या दाण्याहून फारसे मोठे नसते, हे लक्षात घेतले की या कामाची नजाकत कळते. मिळालेल्या बियांतून ४५ रोपे फळाला आली. रॉजर्स अतिशय भिडस्त होता. नावे देण्याऐवजी त्याने त्यांना नुसते क्रमांक दिले आणि मागेल त्याला काड्या वाटल्या. त्यांतलेच काही क्रमांक पुढे अगावम, सेलम, लिंडले, वाइल्डर अशी नावे घेऊन देशभर पोहोचले. दोन जातींचा संकर ठरवून करता येतो हे त्या बागेने दाखवून दिले.

वेल कशी छाटावी हेही परसातच कळत गेले. युरोपातून आलेल्या माळ्यांना वेल कंबरेएवढी ठेवून, आखूड छाटून वाढवायची सवय होती. अमेरिकन वेलींचा जोर त्याने आवरत नसे. पाने भाराभर येत आणि फळ कमी. हडसन नदीच्या खोऱ्यात क्लिंटनडेल इथे राहणारा विल्यम निफिन हा धंद्याने गवंडी. १८५०च्या सुमारास त्याच्याकडे थोड्या इसाबेला वेली होत्या. त्यांतली एक झाडावर चढली होती. वादळात झाडाची फांदी मोडली, वेल आडवी लोंबू लागली आणि त्या वर्षी तिच्या आडव्या काड्यांवर सर्वांत मोठे घड धरले. निफिनने त्यावरून दोन तारांची पद्धत बसवली. खालची तार साधारण तीन फुटांवर, वरची साडेपाच-सहा फुटांवर, मधून सरळ खोड, आणि प्रत्येक तारेवर डावी-उजवीकडे एकेक काडी. चार काड्यांवर प्रत्येकी आठ-दहा डोळे ठेवायचे, खोडाजवळ प्रत्येक बाजूला दोन डोळ्यांचा एक खुंट राखायचा, बाकी सगळे छाटायचे. पुढच्या वर्षीची काडी त्या खुंटातून मिळते.

या पद्धतीच्या मुळाशी असलेली गोष्ट द्राक्ष लावणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावी लागते. घड येतो तो नव्या फुटीवर, आणि ती फूट गेल्या हंगामात वाढून पक्व झालेल्या काडीच्या डोळ्यातून निघालेली असावी लागते. जुन्या जाड लाकडातून फुटलेला कोंब सहसा नुसती पानेच देतो. त्यामुळे न छाटलेली वेल दरवर्षी फळ खोडापासून दूर दूर नेत राहते. अमेरिकेत ही छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या शेवटी, वेल झोपेत असताना होते. कडक थंडीच्या प्रदेशात नाजूक वाणांच्या वेली शरदात तारेवरून उतरवून, जमिनीवर निजवून मातीने झाकाव्या लागत, आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा बांधाव्या लागत. महाराष्ट्रात वेलीला असा हिवाळा मिळत नाही, म्हणून इथला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करतो. पहिली काडी तयार करण्यासाठी, दुसरी घड काढण्यासाठी.

कॉन्कॉर्ड आल्यावर अंगणातला मांडव अमेरिकन घराचा भाग झाला. स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर तो घातला जाई. उन्हाळ्यात सावली आणि सप्टेंबरात फळ. इतकी द्राक्षे खाऊन संपत नसत, मग जेली होई, रस होई, उरलेल्याची वाइन. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावचे दंतवैद्य थॉमस ब्रॅमवेल वेल्च हे कडवे दारूबंदीवाले होते. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीत वाइन वापरावी लागते हे त्यांना खुपे. पाश्चरची उष्णतेने किण्व मारण्याची पद्धत तेव्हा नवी होती. १८६९ साली त्यांनी कॉन्कॉर्डचा रस काढून, गाळून बाटल्यांत भरला, बुचे मारली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. रस आंबला नाही. त्यांनी तो ‘आंबवलेली नसलेली वाइन’ म्हणून चर्चना देऊ केला, पण प्रतिसाद थंडच मिळाला. पुढे त्यांचा मुलगा चार्ल्स याने हा धंदा नेटाने वाढवला, १८९३च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनात लोकांना रस पाजला आणि कारखाना ईरी काठच्या द्राक्षपट्ट्यात नेला. अमेरिकेतला बाटलीबंद फळरसाचा धंदा इथूनच वाढला.

दारूबंदीच्या चळवळीने घरच्या द्राक्षाला आणखी एक विलक्षण वळण दिले. १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती, पण कायद्याच्या एका कलमाने घरच्या वापरासाठी फळांचा रस करायला मुभा ठेवली होती, आणि व्यवहारात घरटी वर्षाला २०० गॅलनांपर्यंत तो चालवून घेतला जाई. घरात केलेल्या रसाचे पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक होते. न्यूयॉर्क आणि इतर शहरांतल्या इटालियन वस्त्यांत घरामागे मांडव आधीपासूनच होते, कारण तिथल्या लोकांना वेलीवाचून अंगण ओकेबोके वाटे. या काळात ते दाट झाले. कमी पडे ते कॅलिफोर्नियाहून रेल्वेने येणाऱ्या द्राक्षांतून भागे. वाइनच्या मोठ्या कंपन्या बंद पडल्या आणि द्राक्षांखालची जमीन मात्र वाढली.

दरम्यान अमेरिकन वेली समुद्रापलीकडे पोहोचल्या होत्या, आणि त्या प्रवासाची फार मोठी किंमत युरोपने मोजली. १८४५च्या सुमारास इंग्लंडमधल्या काचघरांत भुरी दिसली आणि लवकरच फ्रान्सच्या मळ्यांत पसरली. तिला न दबणाऱ्या म्हणून इसाबेला आणि तिच्या जातभाई वेली मुळासकट मागवल्या गेल्या. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास थोड्या दिवसांवर आला होता, त्यामुळे मुळांवरची फायलोक्सेरा वाटेत मेली नाही. १८६३च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये वेली अकारण वाळू लागल्या. १८६८ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ यांनी मुळांवर ती कीड ओळखली. जेफरसनच्या वेली कशाने मेल्या असाव्यात याचे एक मोठे कारण साठ वर्षांनी अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर असे हाती लागले. उपायही अमेरिकेतूनच आला. मुळे अमेरिकन जातीची आणि वर युरोपीय वाणाचे कलम. टेक्सासमधल्या डेनिसनचे टी. व्ही. मन्सन यांनी रानोमाळ फिरून जंगली वेली जमवल्या आणि मुळांसाठी योग्य खुंटांची निवड करायला मदत केली, त्यासाठी फ्रान्सने १८८८ साली त्यांचा सन्मान केला. ज्या इसाबेलाच्या वर्गातल्या वेलींनी संकट आणले, त्यांच्या लागवडीवर फ्रान्सने पुढे १९३०च्या दशकात बंदी घातली.

भारतात मात्र इसाबेलाला घर मिळाले. बंगळूरच्या परिसरात पिकणारे, गडद जांभळ्या रंगाचे आणि तोच उग्र सुवास असलेले बंगलोर ब्लू हे द्राक्ष तिचेच रूप मानले जाते. २०१३ साली त्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेली वेल कॅलिफोर्नियातल्या एका घराच्या आवारातून आली. इंग्लंडहून येऊन सटर परगण्यात स्थायिक झालेल्या विल्यम थॉम्पसनने १८७२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एल्वँगर अँड बॅरी या नर्सरीतून तीन काड्या मागवल्या. त्या वर्षीच्या पुरातून एकच वाचली. तिच्यावर बिनबियांचे, पातळ सालीचे, पिवळसर हिरवे घड आले. १८७५ साली मेरिसव्हिलच्या जत्रेत ते मांडल्यावर शेजारीपाजारी काड्या मागू लागले, आणि द्राक्ष थॉम्पसन सीडलेस या नावाने प्रसिद्ध झाले. वाण नवा नव्हता. पश्चिम आशियात तो शतकानुशतके बेदाण्यासाठी पिकत होता. थॉम्पसनचे श्रेय एवढेच, की वाचलेल्या एका काडीची त्याने हयगय केली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हा वाण महाराष्ट्रात रुजला आणि १९६०नंतर बिया असलेल्या भोकरीसारख्या जुन्या वाणांना त्याने मागे टाकले. पुढची निवड इथल्या बागाईतदारांनी स्वतःच्या डोळ्यांनी केली. बागेतल्या हजारो वेलींत एखाद्या काडीवर घड वेगळे दिसतात, मणी लांबट किंवा अधिक टपोरे असतात. ती काडी बाजूला काढून वाढवली की नवा वाण मिळतो. तासगाव तालुक्यातल्या बोरगावला असाच तास-ए-गणेश निघाला आणि सोलापूरजवळच्या नान्नजला सोनाका. माणिक चमन हीही थॉम्पसनमधूनच निवडलेली. १९९०नंतर राज्यातल्या पाण्याची ओढ असलेल्या आणि खारट पाण्याच्या भागांत डॉगरिज या खुंटावर कलमे करण्याची पद्धत वेगाने पसरली. हा खुंट मन्सन यांनी टेक्सासच्या बेल परगण्यातल्या जंगली व्हिटिस चँपिनीमधून निवडलेला. त्याची मुळे क्षार आणि अवर्षण सोसतात. सांगली, सोलापूर आणि नाशिकच्या अनेक बागांत आज जमिनीखाली टेक्सासची जंगली वेल असते, आणि जमिनीवर थॉम्पसनच्या त्या एका वाचलेल्या काडीचा वंश.